एका आयरिश आडनावाची शिरगणती

कोलकात्यात माझे एक जुने परिचित राहतात. अनेक वर्षे शाळेत इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले. आडनाव ओब्रायन. गेल्या वर्षी एका कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता, म्हणून मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. त्यांचे आडनाव इंग्रजीत लिहिताना 'ओ' या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह येते. ते उमटताच पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली: 'अवैध अक्षर'. चिन्ह गाळले तेव्हा अर्ज पुढे सरकला. पण आता अर्जावरील नाव शाळेच्या दाखल्यावरील नावाशी जुळेना. त्यांनी चार कागदपत्रे टेबलावर मांडली. एकावर आडनाव चिन्हासह होते, दुसऱ्यावर सारी अक्षरे जोडून, तिसऱ्यावर मध्ये मोकळी जागा सोडून आणि चौथ्यावर 'ओ' हे मधल्या नावाचे आद्याक्षर समजून नोंदलेले. "सरकारच्या लेखी आम्ही चार भाऊ आहोत," ते हसून म्हणाले. अखेर हे चौघेही एकच गृहस्थ असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांना करावे लागले.

असा अनुभव या देशात कोट्यवधी लोकांना येतो, त्यामुळे त्यात नवल काही नाही. मात्र त्या दिवसापासून मी या आडनावाच्या मागे लागलो. त्याचा हजार वर्षांचा प्रवास उलगडत गेला, तसे लक्षात आले की, लाल अक्षरांतील ती सूचना या आडनावाला मिळालेली पहिली सूचना नव्हती. शासनसंस्थेने आणि ओब्रायन या नावाने गेली जवळजवळ पाचशे वर्षे एकमेकांशी झगडा केला आहे. जनगणनेत जातीची नोंद करण्याच्या उंबरठ्यावर आपला देश उभा असताना, या झगड्याकडे आपण लक्ष द्यावे असे मला वाटते.

आधी अर्थ पाहू. आयरिश भाषेतील 'ओ' या शब्दाचा अर्थ नातू, आणि त्यावरून वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा नातू किंवा ब्रायनच्या वंशातला. हा ब्रायन म्हणजे इतिहासप्रसिद्ध राजा ब्रायन बोरू. दहाव्या शतकात शॅनन नदीच्या काठी किलालू परिसरात सत्ता असलेल्या एका दुय्यम घराण्यात तो जन्मला, पुढे मन्स्टर प्रांताचा राजा झाला आणि १००२ मध्ये साऱ्या आयर्लंडचा अधिराजा म्हणून मान्यता पावला. २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्या सैन्याचा जय झाला, पण वृद्ध राजा छावणीत परतला नाही. त्याच्या नातवाच्या पिढीपासून हे घराणे स्वतःला 'ओब्रायन' म्हणवू लागले. म्हणजे 'नातू' हा अर्थ आरंभी अगदी शब्दशः खरा होता. पुढे पणतू आले, खापरपणतू आले, पण आडनावातील नातू तसाच राहिला. मूळ 'ब्रायन' या नावाचा अर्थ बहुधा 'उंच' किंवा 'थोर' असा असावा. भाषापंडितांचे त्यावर एकमत नाही.

वंशपरंपरेने चालणारी आडनावे युरोपात फार लवकर रूढ झाली, अशा देशांत आयर्लंडची गणना होते. इंग्लंडमध्ये ती पद्धत मुख्यतः नॉर्मन विजयानंतर हळूहळू पसरली. त्याआधीच, ९१६ साली मरण पावलेल्या गॉलवे भागातील एका सरदाराचा उल्लेख आयरिश बखरींत 'ओक्लेरी' या कुलनामासह सापडतो. ब्रायन बोरूनेच फर्मान काढून प्रजेला आडनावे घ्यायला लावली, अशी एक लोकप्रिय कथा आहे. इतिहासकारांनी ती केव्हाच निकालात काढली आहे. त्याच्या आधीपासून आडनावे होती आणि त्याच्यानंतरही कित्येक कुळांना ती नव्हती. मला मात्र ही दंतकथा महत्त्वाची वाटते. नाव सरकारी हुकमाने येते असे गृहीत धरण्याची सवय आपल्या मनात किती खोल रुजली आहे, हे तिच्यावरून दिसते. प्रत्यक्षात ही आडनावे कुळाच्या स्मरणातून घडली. जमिनीवर कुणाचा हक्क, कुणाच्या बाजूने लढायचे, कुणाशी सोयरीक करायची हे त्या स्मरणावर ठरत असे.

त्या स्मरणात स्त्रीची जागा कोणती, हेही व्याकरणात दिसते. आयरिश भाषेत ओब्रायन घराण्याच्या मुलीचे आडनाव 'ओ'ने सुरू होत नाही; तिच्या आडनावाला 'नी' लागते आणि त्यामागचा 'ब्रायन' उच्चारात बदलतो. 'नी' हे 'वंशजाची मुलगी' या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. त्या घराण्यात लग्न होऊन आलेल्या स्त्रीच्या आडनावाचे रूप आणखी निराळे असते. थोडक्यात, पुरुष थेट पूर्वजाचा वंशज, स्त्री मात्र त्या वंशजाची मुलगी किंवा पत्नी. वंश पित्याकडून चालतो हे गृहीतक इथे नावाच्या पहिल्याच अक्षरात बसवलेले आहे. ते लक्षात ठेवावे, कारण पुढे भारताच्या राज्यघटनेतही आपली त्याच्याशी गाठ पडणार आहे.

इंग्लंडच्या सत्तेला ही नावे खुपू लागली, ती त्यांत साठवलेल्या याच स्मरणामुळे. १४६५ साली आयर्लंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. डब्लिनभोवतीच्या ज्या चार परगण्यांत इंग्रजी अंमल चालत होता, तेथील आयरिश रहिवाशांनी इंग्रजी आडनाव घ्यावे, असे त्यात म्हटले होते. कोणते आडनाव घ्यायचे तेही सांगितले होते: एखाद्या गावाचे नाव, एखादा रंग, एखादा व्यवसाय किंवा एखादे पद. व्हाइट, ब्लॅक, ब्राउन, स्मिथ, कारपेंटर, कुक, बटलर ही उदाहरणे खुद्द कायद्यातच दिली होती. त्या चार परगण्यांच्या बाहेर या कायद्याला फारसे कुणी जुमानले नाही. पण प्रजेने कोणत्या नावाने ओळखले जायचे ते आम्ही ठरवू, हा शासनाचा दावा त्या दिवशी कागदावर उमटला.

ओब्रायन घराण्यावर त्या दाव्याचा घाला पडला तो १५४३ साली. आठव्या हेन्रीने स्वतःला आयर्लंडचा राजा घोषित केल्यावर गेलिक सरदारांपुढे एक तडजोड ठेवली. त्यांनी आपली भूमी आणि परंपरागत पदवी राजाच्या चरणी ठेवायची. मग राजा तीच भूमी इंग्रजी कायद्यानुसार, इंग्रजी किताबासह त्यांना परत देणार. तेव्हाचा कुलप्रमुख मरो ओब्रायन याने ही तडजोड पत्करली. 'ओब्रायन' हे तोवर केवळ आडनाव नव्हते, ते कुलप्रमुखाचे बिरुद होते. ते सोडून मरो थॉमंडचा अर्ल आणि इंचिक्विनचा बॅरन झाला. जमीन राहिली, पण तिच्यावरील हक्काचा आधार बदलला. काल जे कुळाच्या स्मरणावर उभे होते, ते आज राजाच्या सनदेवर उभे राहिले. संस्थानांचा आणि वतनांचा इतिहास ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला हा व्यवहार अनोळखी वाटणार नाही.

पुढच्या दीडशे वर्षांत लढाया झाल्या, जमिनी जप्त झाल्या आणि आयरिश भाषेची प्रतिष्ठा गेली. त्याबरोबर असंख्य कुटुंबांनी आडनावाआधीचे 'ओ' आणि 'मॅक' गाळून टाकले. काहींवर सक्ती झाली असेल. बहुतेकांनी नोकरी, खंडाची जमीन आणि न्यायालय यांच्याशी जुळवून घेण्यासाठी आपणहून ते केले. ओब्रायनचे ब्रायन, ब्रिएन, ब्राइन झाले. कारकुनाला जसे ऐकू आले, तसे लिहिले गेले. कित्येक आडनावांचे तर भाषांतर झाले. लोहार या अर्थाच्या आयरिश नावाचे स्मिथ झाले. काही भाषांतरे साफ चुकीची होती. 'मॅक कॉनरी' या नावाच्या शेवटी राजा या अर्थाच्या आयरिश शब्दासारखा ध्वनी आहे. तेवढ्यावर त्या घराण्यातील अनेक जण इंग्रजीत 'किंग' झाले. अपॉस्ट्रॉफीही याच काळाची देणगी. आयरिशमध्ये 'ओ' या अक्षरावर दीर्घ उच्चाराची तिरकी मात्रा असते आणि त्यानंतर मोकळी जागा. इंग्रजी लेखनात त्या मात्रेची जागा अपॉस्ट्रॉफीने घेतली. वास्तविक तिथे कोणत्याही अक्षराचा लोप झालेला नाही. माझ्या परिचितांना ज्या चिन्हाने छळले, ते चिन्हच मुळात एका परक्या लेखनपद्धतीने त्यांच्या नावाला चिकटवलेले आहे.

एकच आडनाव मिरवणारी माणसे एकाच पक्षाची असतात, असा समज करून घेण्याचे कारण नाही. मरो ओब्रायनच्याच वंशवेलीत विल्यम स्मिथ ओब्रायन जन्मले. त्यांचे थोरले बंधू पुढे इंचिक्विनचे बॅरन झाले. स्वतः विल्यम यांनी १८४८ साली, दुष्काळाने देश उद्ध्वस्त झालेला असताना, टिपररी परगण्यात ब्रिटिश सत्तेविरुद्ध फसलेला उठाव केला. त्यांना मृत्युदंड ठोठावण्यात आला आणि नंतर तो बदलून टास्मानियात काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. भारतातही याचा दाखला आहे, आणि तोही एकाच प्रांतातला. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर असलेले मायकेल ओड्वायर टिपररीचे होते. त्यांचे आडनाव शुद्ध गेलिक. त्यानंतरच्या वर्षी, १९२० साली, पंजाबात तैनात असलेल्या कॉनॉट रेंजर्स पलटणीतील आयरिश शिपायांनी आपल्या देशातील ब्रिटिश अत्याचारांच्या निषेधार्थ शस्त्रे खाली ठेवली. त्यांतील जेम्स डेली या तरुणाला २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. डेली हेही गेलिक कुलनामच. आडनावावरून माणसाचा वंश कदाचित समजेल, निष्ठा समजत नाही. आपल्याकडे आडनाव ऐकून मत बनवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आता संख्येकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सक्तीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा नोंदणी खात्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. एकाच कुटुंबातील बाप ब्रिएन, थोरला मुलगा ओब्रायन आणि धाकटा ब्रायन अशी नोंद होऊ लागली. एकाच माणसाचे जन्माच्या वेळी एक आणि लग्नाच्या वेळी दुसरे आडनाव दिसू लागले. ही अडचण सोडवायला घेतली रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने. प्रत्येकाने अमुकच स्पेलिंग वापरावे असा हुकूम त्याने सोडला नाही. त्याने देशभरच्या निबंधकांकडून नावांची सारी रूपे गोळा केली, कोणती रूपे एकमेकांऐवजी वापरली जातात त्याच्या जोड्या लावल्या आणि १८९० साली नोंदणी कर्मचाऱ्यांच्या उपयोगासाठी ती यादी छापली. जुनी नोंद शोधणाऱ्या कारकुनाला तिच्यावरून कळे की, ब्रिएन सापडला नाही तर ओब्रायनखाली पाहावे.

त्याच वर्षीच्या जन्मनोंदींवरून मॅथेसनने आयर्लंडमधील आडनावांचा विस्तृत अहवालही सिद्ध केला. तो १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार मर्फी ६२,६०० माणसांसह पहिल्या क्रमांकावर होते, केली ५५,९०० सह दुसऱ्या. मग सलिव्हन, वॉल्श, स्मिथ, आणि ३३,४०० सह ओब्रायन सहावे. ओब्रायनांची मुख्य वस्ती मन्स्टर प्रांतात, म्हणजे ब्रायन बोरूच्या जुन्या राज्याच्या परिसरातच होती. पाचव्या क्रमांकावरील स्मिथ पाहून मात्र थांबावे लागते. त्यात इंग्लंडहून आलेले स्मिथ किती आणि लोहार या अर्थाच्या आयरिश नावाचे भाषांतर होऊन झालेले किती, हे आकडा सांगत नाही. मोजणी अचूक असली, तरी मोजल्या गेलेल्या शब्दामागे काय दडले आहे, हे वेगळे शोधावे लागते.

पुढे गंमत अशी झाली की, गाळलेले 'ओ' परत आले. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ पसरली आणि आजोबांनी गाळलेला उपसर्ग नातवांनी पुन्हा लावला. आडनावांचे सर्वांत मोठे आयरिश अभ्यासक आणि पुढे त्या देशाचे चीफ हेरल्ड झालेले एडवर्ड मॅक्लायसाट यांनी स्वतःच्या आडनावामागेही गळून गेलेला 'मॅक' पुन्हा जोडला होता. आज आयर्लंडमध्ये नोंदल्या जाणाऱ्या नवजात बालकांच्या आडनावांत मर्फी अग्रस्थानी आहे आणि ओब्रायन पहिल्या दहांत. या क्रमांकांमागे केवळ जननदर नाही. स्वतःला काय म्हणवून घ्यायचे याचा लोकांनी केलेला निर्णयही आहे. तेथील कायदाही आता बदलला आहे. एकेकाळी इंग्रजी आडनाव घ्या म्हणणाऱ्या त्याच देशात २०२१ च्या भाषाविषयक दुरुस्ती कायद्याने, सार्वजनिक संस्थांनी आयरिश नाव त्यावरील मात्रेसह नोंदवावे, अशी तरतूद केली.

हे नाव भारतात आले ते मुख्यतः पलटणींबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत भरती झालेल्या गोऱ्या शिपायांत जवळजवळ निम्मे आयरिश होते. त्यांच्यामागोमाग रेल्वे, तारखाते आणि जकात यांतील नोकऱ्या आल्या. अनेकांनी येथेच संसार मांडले. कोलकाता, खरगपूर, जबलपूर, भुसावळ, इगतपुरी अशा ठिकाणच्या रेल्वे वसाहतींत आयरिश आडनावांची भारतीय घराणी वाढली. या समाजाला १९११ च्या जनगणनेपासून अधिकृतपणे अँग्लो-इंडियन म्हटले जाऊ लागले. इतिहासाचा विनोद असा की, ज्यांच्या पूर्वजांची जमीन आणि भाषा इंग्रजांनी हिरावली, ते ओब्रायन भारतात येऊन 'अँग्लो' ठरले.

शासनाने या समाजाची व्याख्या कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. १७९१ मध्ये कंपनीने असा आदेश काढला की, भारतीय माता किंवा पिता असलेल्या मुलांना कंपनीच्या नागरी व लष्करी सेवेत घेऊ नये. तेव्हा बहुधा आई भारतीय असे, म्हणजे आईवरून माणूस अपात्र ठरला. १९३५ च्या कायद्यातून १९५० च्या राज्यघटनेत आलेल्या व्याख्येनुसार, ज्याचा पिता किंवा पित्याकडील कोणताही पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा आहे आणि जो भारताचा कायम रहिवासी आहे, तो अँग्लो-इंडियन. येथे वडिलांवरून माणूस पात्र ठरला. अनुच्छेद ३६६ मधील हे कलम वाचताना मला आयरिश 'ओ' आठवतो. पुरुष पूर्वजाकडून पुरुष वंशजाकडे जाणारी तीच रेषा, आणि त्या रेषेबाहेर उभी असलेली तीच स्त्री. युरोपीय वंशाची आई आणि भारतीय पिता यांची मुले या व्याख्येत बसत नाहीत.

व्याख्येबरोबर हक्क आले. लोकसभेत दोन नामनियुक्त जागा, काही विधानसभांत नामनियुक्ती, रेल्वे, जकात व टपाल-तार खात्यांच्या नोकऱ्यांत आणि शिक्षण अनुदानात टप्प्याटप्प्याने घटत जाऊन दहा वर्षांत संपणारी सवलत. संविधान सभेत फ्रँक अँथनी यांनी या तरतुदींसाठी चिकाटीने प्रयत्न केले होते. या नामनियुक्त सदस्यांत कोलकात्याचे नील ओब्रायन हे एक होते. १९६७ मध्ये त्यांनी त्या शहरात घेतलेली खुली प्रश्नमंजूषा भारतातील क्विझच्या चळवळीचा आरंभ मानली जाते. त्यांचे चिरंजीव डेरेक २०११ पासून राज्यसभेचे सदस्य आहेत, तेही नामनियुक्तीने नव्हे, तर तृणमूल काँग्रेसच्या वतीने निवडून येऊन. ब्रायन बोरूचा 'नातू' भारताच्या संसदेत अशा दोन वाटांनी पोहोचला.

त्यांतील पहिली वाट २५ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. एकशे चारव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांना २०३० पर्यंत मुदतवाढ दिली. अँग्लो-इंडियन नामनियुक्तीला दिली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक मांडताना सरकारने संसदेत एक आकडा सांगितला: २०११ च्या जनगणनेनुसार देशात अँग्लो-इंडियन २९६. विरोधी सदस्यांनी तो तिथेच खोडून काढण्याचा प्रयत्न केला. समाजाच्या संघटना आपली संख्या लाखांत सांगतात. नामनियुक्ती असावी की नसावी, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. सत्तर वर्षे चाललेली तात्पुरती तरतूद कधीतरी संपायला हवी, हा युक्तिवाद मला अगदीच अमान्य नाही. मला आक्षेप आहे तो त्या आकड्याला. जनगणनेच्या अर्जात धर्माचा रकाना होता, अनुसूचित जाती-जमातीचा होता, मातृभाषेचा होता. अँग्लो-इंडियन असल्याची नोंद करण्यासाठी रकानाच नव्हता. ज्याविषयी विचारलेच नाही, त्याचे उत्तर मोजून एका समाजाचे संसदेतील स्थान ठरवताना तो आकडा पुरावा म्हणून वापरला गेला.

येथून प्रश्न केवळ ओब्रायनांचा राहत नाही. २०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाच्या जातीची नोंद होणार आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात काय घडले, हे महाराष्ट्रातील वाचकांनी विसरू नये, कारण त्यातील माहिती मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेले राज्य महाराष्ट्रच होते. त्या वेळी केंद्राने २०२१ साली प्रतिज्ञापत्रात सांगितले की, १९३१ च्या गणनेत जातींची संख्या ४,१४७ होती, तर २०११ च्या सर्वेक्षणात ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली आहेत. लोकांनी जातीच्या रकान्यात पोटजात सांगितली, कुळ सांगितले, गोत्र सांगितले आणि आडनावही सांगितले. प्रगणकाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. ती माहिती सदोष व निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवण्यात आली.

मॅथेसनच्या टेबलावर १८९० मध्ये हाच ढीग येऊन पडला होता. तो ढीग निरुपयोगी आहे असे त्याने म्हटले नाही. लोक स्वतःला खरोखर काय म्हणवतात याची ती पहिली प्रामाणिक नोंद आहे, असे मानून त्याने काम केले. आपल्यालाही तेच करावे लागेल. गणनेआधी प्रत्येक राज्यात, स्थानिक अभ्यासक आणि समाजाचे प्रतिनिधी यांना बरोबर घेऊन, जातींच्या व समाजांच्या नावांची पर्यायी रूपे जमवावी लागतील. कोणती रूपे एका समूहाची आणि कोणती वेगळ्या समूहांची, याची यादी जाहीर करून तिच्यावर हरकती मागवाव्या लागतील. प्रगणकाने आडनावावरून जात ताडू नये, हे त्याच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगावे लागेल. आयर्लंडमधील स्मिथ कोण, हे नुसत्या स्मिथवरून कळत नाही. आणि यादीत न बसणारे उत्तरही जसेच्या तसे टिपण्याची सोय ठेवावी लागेल. अशी नावे पुढे जोडता येतात, पण गणनेच्या वेळी पुसलेले नाव परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट नावाच्या रचनेची. आपली बहुतेक सरकारी संगणकप्रणाली नाव, मधले नाव, आडनाव असा साचा गृहीत धरते. तमिळनाडूतील माणसाच्या नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते, केरळात घराण्याचे नाव पुढे येते, पंजाबात सिंग आणि कौर हे अनेकदा आडनावाच्या जागी बसतात, कोकणात गावाच्या नावाला 'कर' लागून आडनाव होते. मालवण तालुक्यातील वराड गावावरून पडलेले वराडकर हे आडनाव २०१७ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानपदापर्यंत पोहोचले, आणि मर्फी-ओब्रायनांच्या त्या देशाने ते सहज उच्चारायला शिकून घेतले. नावे बदलू शकतात हेही आपण मान्य केले आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, तेव्हा पित्याकडूनच चालणारी ती जुनी रेषा निदान कागदावर थोडी सरकली. मग एका चिन्हासाठी, एका मोकळ्या जागेसाठी किंवा एका आद्याक्षरासाठी निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती किंवा शिधा अडवण्याचे समर्थन कसे करता येईल? नावातील किरकोळ फरक हा लाभ नाकारण्याचा आधार असू नये आणि जुळवणीची जबाबदारी नागरिकावर नव्हे, तर यंत्रणेवर असावी, असा साधा नियम केंद्र व राज्यांनी करायला हवा. आंतरराष्ट्रीय पारपत्राच्या यंत्राने वाचावयाच्या ओळीत अपॉस्ट्रॉफी गाळतात हे खरे; पण त्याच पानावर वर माणसाला वाचण्यासाठी नाव वेगळे छापलेले असते. यंत्राची सोय आणि माणसाचे नाव यांना स्वतंत्र जागा देता येते, हे जगाने तिथे मान्य केलेलेच आहे.

माझ्या परिचितांचे काम तीन महिन्यांनी झाले. प्रतिज्ञापत्रात त्यांच्या आडनावाची चारही रूपे एकाखाली एक लिहिलेली आहेत आणि ही सर्व नावे माझीच, असे त्याखाली नमूद केले आहे. मॅथेसनच्या यादीतील एखादे पान असावे, असा तो कागद दिसतो. फरक इतकाच की, आयर्लंडमध्ये ती यादी नोंदणी खात्याने स्वतःच्या खर्चाने तयार केली होती. इथे ती एका निवृत्त शिक्षकाने मुद्रांकाचे पैसे भरून करून दिली.